बंड्याची जागा आणि पिल्लाची जागा

ठाण्याच्या पाचपाखाडीतून एका ताईंनी विचारलं आहे: “आमचा बंड्या, काळा लॅब्रेडॉर, १३ वर्षांचा होऊन गेला. किडनी निकामी झाली होती. आठवडाभर सलाइन लावलं, शेवटी इंजेक्शन देऊन त्याला झोपवायचं आम्हीच ठरवलं. त्याला आता दोन महिने झाले. मुलगी कॉलेजात आहे, ती म्हणते पिल्लू आणू या. हे म्हणतात, आता पुन्हा नाही. सासूबाई अजून रोज सकाळी शेवटची पोळी बाजूला काढून ठेवतात. माझं मलाच कळत नाही. पिल्लू आणलं तर बंड्याला विसरलो असं होईल का? किती दिवस थांबायचं असतं? आणि आणायचं तर पुन्हा काळा लॅबच आणावा का?”

ताई, आधी त्या इंजेक्शनबद्दल बोलते. तुम्ही त्याबद्दल काही विचारलेलं नाही, पण “आम्हीच ठरवलं” हे शब्द वाचून मी थांबले. गेली २४ वर्षं मी ठाण्यात प्राण्यांची डॉक्टर म्हणून काम करते आहे. ज्या घरांनी हा निर्णय घेतला, त्या घरांमध्ये पुढे पिल्लाचा विषय निघाला की प्रत्येक वेळी हाच सल वर येतो. आपण घाई तर केली नाही ना? तर एक गोष्ट नीट समजून घ्या. कुत्र्याच्या रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढलेला दिसतो, तोवर किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम थांबलेलं असतं. कुत्रा तोपर्यंत जेवतो, शेपूट हलवतो, खाली फिरायलाही जातो. थोडं पाणी जास्त पितो, इतकंच. म्हणून “आधी का नाही कळलं” याचा दोष तुमच्याकडे येत नाही. आणि १३ वर्षांच्या कुत्र्याने सलाइनवर असताना तोंडात अन्न घेणं सोडलं, सारखी उलटी होऊ लागली, की पुढचे दिवस फक्त त्रासाचे असतात. तुम्ही त्याचा त्रास कमी केलात आणि त्यापुढचा त्रास स्वतःकडे घेतलात. तो अजून चालू आहे, एवढंच.

तो चालू असणं अगदी स्वाभाविक आहे. फक्त आपल्याकडे त्याला जागा नसते. माणूस गेला की लोक भेटायला येतात, दहावा-तेरावा होतो, ऑफिसात कोणी कामाचं विचारत नाही. कुत्रा गेला की दुसऱ्या दिवशी लोकल पकडायची आणि कोणी विचारलं तर “काही नाही, झोप नीट झाली नाही” म्हणायचं. केनेथ डोका नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाला एक स्वतंत्र नाव दिलं: समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही, ते दुःख. परळला शिकत असताना, ज्याला आपली जुनी माणसं अजून बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात त्या इस्पितळाच्या आवारात, रिकामा पट्टा हातात धरून उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत. चांगली मोठी, कमावती माणसं. पट्टा कुठे ठेवायचा हेच त्यांना सुचत नसे. आणि त्यांच्यासोबत आलेला कोणीतरी हमखास म्हणायचा, “चल, दुसरा आणू.” चांगल्या मनाने म्हणायचा, पण ते वाक्य चुकीच्या वेळी येतं.

आता तुमचा पहिला प्रश्न: पिल्लू आणलं तर बंड्याला विसरल्यासारखं होईल का? नाही. मी हे निव्वळ समजुतीसाठी म्हणत नाही. मी हजारो घरांची कार्डं हाताळली आहेत, त्यात दुसरा, तिसरा, चौथा कुत्रा असलेली कितीतरी घरं आहेत. एकाही घरात जुना कुत्रा विसरला गेलेला मी पाहिला नाही. चौथ्याला लस द्यायला आलेले आजोबा पहिल्याची गोष्ट सांगतात. विसरण्याची भीती खरी नाही. खरी अडचण उलट दिशेने येते. आपण जुन्याला इतकं आठवतो की समोरचं पिल्लू आपल्याला दिसतच नाही.

हे मला माझ्याच घरात कळलं. आमची राणी पांढरी स्पिट्झ होती. ती गेली तेव्हा मी डॉक्टर होऊन सहा वर्षं झाली होती, आणि तरी दहाव्या दिवशी मी तसंच पांढरं पिल्लू घरी आणलं. घरातली शांतता मला सहन होत नव्हती. तिचं नाव चिमी ठेवलं, पण हाक मारताना तोंडात राणीच यायचं. राणीच्याच गादीवर तिला झोपवलं, राणीच्याच वाटीत खाऊ घातलं. राणी संध्याकाळी मी आले की माझ्या पायावर डोकं ठेवून बसायची. चिमी पाय चावायची. दोन महिन्यांची होती, चावणारच. पण मला मनातून तिचा राग येत असे. चार महिने मी ‘ही हट्टी आहे, हिला माणसाचं प्रेम नाही’ असं ठरवून बसले होते. एकदा वडील म्हणाले, “अगं, ती राणी नाही. राणीला तू दोन वर्षं शिकवलंस. हिला तू फक्त विचारतेस, राणीसारखी का नाहीस म्हणून.” चिमीच्या आयुष्यातले ते चार महिने मला परत देता आले नाहीत, आणि तेच महिने कुत्र्याच्या घडणीत सगळ्यात मोलाचे असतात. ते का, हे पुढे सांगते.

म्हणून “किती दिवस थांबायचं” याला आकडा नाही. कोणी महिनाभरात तयार होतो, कोणी दोन वर्षांनीही नाही. रडू येणं थांबण्याची वाट पाहू नका, ते पुढेही अधूनमधून येणार. मी लोकांना एकच विचारते: पिल्लू आणल्यावर ते काय काय करेल असं तुम्हाला वाटतं? उत्तरात “दारात वाट पाहील, सोफ्यावर शेजारी झोपेल, रात्री यांच्याबरोबर खाली जाईल” असं आलं, तर ते बंड्याचं वर्णन आहे. उत्तरात “सगळीकडे शू करेल, चपला फाडेल, रात्री रडेल” असं आलं, तर तुमच्या डोळ्यांसमोर पिल्लू आहे. १३ वर्षांच्या शहाण्या कुत्र्याबरोबर राहिलेल्या घराला हे पार विसरायला होतं. बंड्यासुद्धा एकेकाळी पिल्लू होता आणि त्यानेही काहीतरी फाडलं होतं. घरातल्या सगळ्यांनी बसून ते आठवा. जुने फोटो काढा. हा गृहपाठ खरंच उपयोगी पडतो.

पण ताई, तुमच्या बाबतीत मी एक तारीख सांगू शकते: दिवाळी होऊन जाऊ द्या. याचं कारण तुमचं दुःख नाही. पिल्लासाठी म्हणते आहे. आत्ता श्रावण चालू आहे. पावसाळ्यात पिल्लाला खाली नेणं जिकिरीचं, घरातली शी-शूची सवय लागायला दुप्पट वेळ लागतो. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून येणारा लेप्टोचा जंतू असतो, तो आजार कुत्र्यांनाही होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. पुढे आठवड्यावर दहीहंडी आली, आणि ठाण्यातल्या हंड्यांचे स्पीकर कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. मग गणपतीचे ढोल-ताशे, मग फटाके. आठ ते दहा आठवड्यांच्या वयात पिल्लू ज्याला एकदा घाबरतं, ती भीती बऱ्याचदा जन्मभर राहते. दिवाळीच्या आठवड्यात घरी आलेली आणि नंतर आयुष्यभर प्रत्येक दिवाळी पलंगाखाली थरथरत काढणारी कुत्री माझ्याकडे कितीतरी आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा पिल्लू आणायला उत्तम काळ. हवा बरी, जमीन कोरडी, गोचीड कमी, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्लंही साधारण याच दिवसांत दिसतात, म्हणजे दत्तक घ्यायची असतील तर निवड करता येते.

घाई करू नका म्हणण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला जास्त छळतं. दुःखात असलेलं घर पिल्लं विकणाऱ्यांच्या तावडीत फार पटकन सापडतं. घोडबंदर रोडवरचं एक कुटुंब आठवतं. त्यांचा कुत्रा गेला आणि आठव्या दिवशी त्यांनी मोबाइलवर फोटो पाहून पिल्लू घेतलं. आई पाहिली नाही, जागा पाहिली नाही. एक माणूस खोक्यातून पिल्लू घेऊन आला आणि पैसे घेऊन गेला. “४५ दिवसांचं आहे, सगळी इंजेक्शनं झालीत” म्हणाला. दात पाहून मला ते जेमतेम ३५ दिवसांचं वाटलं. चौथ्या दिवशी उलट्या, पाचव्या दिवशी रक्ताची शी. पार्वो. हा विषाणू शरीरात शिरल्यावर बहुतेक वेळा तीन ते सात दिवसांत लक्षणं दाखवतो, म्हणजे पिल्लू घरी येतं तेव्हा खेळकर दिसतं आणि आजार त्याच्यासोबतच आलेला असतो. आम्ही तीन दिवस झगडलो. ते गेलं. त्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलाने पंधरवड्यात दोन कुत्री जाताना पाहिली. त्या मुलाच्या आईने मला विचारलं, “आमच्याच हाताला यश नाही का?” हा प्रश्न कोणत्याही घराच्या वाट्याला येऊ नये.

म्हणून विकत घेणार असाल तर दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाच बंदी आहे आणि ब्रीडरची, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याची, नोंदणी असावी लागते. पिल्लाची आई तिथे जागेवर दाखवायला सांगा. कोणी टाळाटाळ केली तर उठून या, पिल्लू कितीही गोड असलं तरी. आईपासून आणि भावंडांपासून लवकर तोडलेलं पिल्लू किती जोराने चावायचं हे शिकलेलंच नसतं, कारण ते त्याला भावंडं शिकवतात.

तोवरच्या तीन महिन्यांत घर तयार करा. बंड्या किडनीने गेला, म्हणजे शेवटच्या काळात तो घरात शू करत असणार. दिवाणाचा पाय, बाल्कनीचा कोपरा, न्हाणीघराबाहेरची फरशी. तुम्हाला आता वास येत नाही, पिल्लाला येईल, आणि ते नेमकं तिथेच जाऊन शू करेल. मग सगळे म्हणतील, “बघ, बंड्याच्याच जागी करतं,” आणि कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी येईल. त्यात चमत्कार काही नाही, फरशीच्या सांध्यांत वास मुरलेला आहे. प्राण्यांच्या लघवीचा वास घालवणारं एन्झाइमचं क्लीनर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं. ते ओतून सांगितलेला वेळ तसंच ठेवायचं, लगेच पुसायचं नाही. अमोनियाचा वास असलेलं काही वापरू नका, तो वास पिल्लाला लघवीसारखाच वाटतो.

बंड्याला लेप्टो झाल्याचं त्याच्या रिपोर्टमध्ये होतं का, ते एकदा बघा. असलं तरी तुमच्या कोरड्या, उन्हाच्या घरात तो जंतू आता नाही, काळजी नको. पण हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी कोणाचं पिल्लू पार्वोने गेलं असेल, तर त्यांच्यासाठी सांगते. पार्वो घरात कित्येक महिने, सावलीच्या जागी वर्षभरही टिकतो. फिनेलने तो मरत नाही. आधी सगळं साबणाने घासून धुवायचं, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण लावून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. टॉयलेट क्लीनरमध्ये ब्लीच कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. आणि अशा घरात लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू आणायचं नाही, मोठा, लसी झालेला कुत्रा आणायचा. गादी, खेळणी, कापडी पट्टे टाकून द्यायचे. त्यावर माया असते, तरी टाकायचे. एखादी वस्तू ठेवायचीच असेल तर पितळी बिल्ला ठेवा, तो धुता येतो.

गोचिडांचंही तसंच. आपल्याकडची तपकिरी गोचीड कुत्र्यापेक्षा घरात जास्त राहते: भिंतीच्या भेगा, पडद्याची घडी, सोफ्याची शिवण. मादी हजारो अंडी घालते आणि पोटात काही नसताना गोचीड महिनोन्‌महिने जगते. कुत्रा गेला म्हणून ती गेली असं होत नाही. बंड्याला कधी टिक फीवर, म्हणजे गोचिडांमुळे येणारा ताप, झाला असेल तर पिल्लू यायच्या दोन-तीन आठवडे आधी पेस्ट कंट्रोल करून घ्या आणि भेगा बुजवा. पिल्लाला गोचिडांचं औषध आठ आठवड्यांनंतर, वजन बघून देता येतं, पण डॉक्टरांना विचारूनच. मोठ्या कुत्र्याचं उरलेलं औषध अर्धं करून लावू नका.

उरलेल्यावरून आठवलं. कपाटात बंड्याचं किडनीचं खाणं असेल. ते चांगलं महाग असतं म्हणून जपून ठेवलेलं असतं, आणि पिल्लू आलं की कोणीतरी म्हणतं, “वाया का घालवायचं?” त्यात प्रोटीन आणि फॉस्फरस मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. वाढत्या पिल्लाला ते चालत नाही. न फोडलेली पाकिटं तुमच्या डॉक्टरांकडे द्या. किडनीचा दुसरा एखादा कुत्रा आणि त्याचं परवडत नसलेलं घर त्यांना नक्की माहीत असेल. मी अशी पाकिटं नेहमी ठेवून घेते. बंड्याचा पट्टाही पिल्लाला घालू नका. सैल पट्ट्यातून मान सोडवून पिल्लू रस्त्यावर पळालं आणि रिक्षाखाली आलं, असं मी पाहिलं आहे.

आता घरातल्या माणसांकडे येते. तुमचे यजमान “पुन्हा नाही” म्हणतात. मला एक सांगा, बंड्याला रात्री अकराला खाली कोण नेत होतं? बहुतेक घरांत जो सगळ्यांत ठामपणे ‘नको’ म्हणतो, तोच रात्रीची फेरी मारणारा असतो. त्याचं दुःख वेळेला बांधलेलं असतं. रोज अकरा वाजतात आणि त्याला खाली जायचं नसतं. त्यांना पटवू नका. मुलीलाही सांगा की वाढदिवसाचं सरप्राइज म्हणून पिल्लू आणायचं नाही. त्यांना फक्त विचारा, “बंड्याशिवाय रात्री तुम्हाला कसं वाटतं?” आणि मग गप्प बसा. कदाचित ते महिनाभराने बोलतील. ते मनापासून ‘हो’ म्हणेपर्यंत पिल्लू आणू नका, कारण पिल्लाला नापसंती फार लवकर कळते आणि घरातल्या एका माणसाभोवती ते दबकून राहायला लागतं. त्यांची खरी अडचण वेगळी असेल, खर्च, बदलीची नोकरी, गावाला जाणं, तर ती ऐकून घ्या. तेही खरं असू शकतं.

सासूबाईंची पोळी मात्र बंद करू नका. आपल्याकडे कुत्र्यासाठी पोळी काढायची रीत आजची नाही. त्यांनी १३ वर्षं ती बंड्याला घातली, आता ती खालच्या एखाद्या कुत्र्याला जाऊ दे. त्यांना बरोबर घेऊन जा. पुढे पिल्लू आलं की मात्र त्यांना आधीच सांगून ठेवा: पिल्लाला पोळी-दूध हे जेवण पुरत नाही, आणि कांदा-लसूण घातलेलं कालवण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट यातलं काही प्रेमाने देखील द्यायचं नाही. आणि ताप वाटला म्हणून माणसाची तापाची किंवा अंगदुखीची गोळीही नाही.

पुन्हा काळा लॅब आणावा का? माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी तरी नको. किमान रंग तरी वेगळा असू दे. लॅब्रेडॉर वाईट म्हणून नाही, पण तुम्ही चौघं त्याच्यात रोज बंड्या शोधाल आणि ते बिचारं रोज नापास होईल. दुसरी गोष्ट, सासूबाईंच्या वयाचा विचार करा. लॅबचं पिल्लू सहा-आठ महिन्यांत वीस किलोच्या पुढे जातं आणि ते आनंदाने अंगावर येतं. पायात घोटाळून पडलेल्या आजी-आजोबांच्या घरातून मला फोन येतात. देशी कुत्रा ठाण्याच्या दमट हवेला सोसतो, त्वचेच्या तक्रारी कमी, आकार मध्यम. माझ्या मते तुमच्या घराला तो छान शोभेल. हस्की, सेंट बर्नार्ड यांच्याकडे वळूनही पाहू नका, मे महिन्यात त्यांना धापा टाकताना बघवत नाही.

आणि पिल्लूच का? दोन-तीन वर्षांचा मोठा कुत्राही दत्तक मिळतो. लसी झालेल्या असतात, स्वभाव दिसलेला असतो, आणि तो रात्रभर झोपतो. घरात वयस्कर माणूस असेल आणि बाकीचे दिवसभर बाहेर असतील, तर मी आधी हेच सुचवते. तुमच्या मुलीला पिल्लू हवं असेल, ते मी समजू शकते, तरी एकदा कुत्री दत्तक देणाऱ्या संस्थेत जाऊन मोठी कुत्री बघून या. त्यातली काही पाहताच आपलं माणूस निवडतात.

पिल्लूच आणायचं ठरलं, तर आता चिमीचे ते मघाचे चार महिने. कुत्र्याच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की जे दिसेल, ऐकू येईल, ते ‘आपलं जग’ म्हणून मनात बसतं. नंतर जे नवीन भेटेल त्याची धास्ती वाटते. आता बघा, तुमच्याकडे पिल्लू आठव्या-नवव्या आठवड्यात येणार. हातात पाच-सहा आठवडे. आणि दुःखातलं घर नेमकं याच काळात शांत असतं. पाहुणे कमी झालेले असतात, टीव्हीचा आवाज कमी, आणि एक कुत्रा गमावल्यामुळे दुसऱ्याला जिवापाड जपायची धडपड. “लस पूर्ण होईपर्यंत दाराबाहेर नाही.” लसी सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. तोवर जग ओळखीचं करून घ्यायचा तो काळ संपलेला असतो. मग ते पिल्लू मोठं होऊन लिफ्टला घाबरतं, वॉचमनच्या टोपीवर भुंकतं, छत्री उघडली की पलंगाखाली जातं, आणि घर म्हणतं, “बंड्या असा नव्हता.”

यावर उपाय आहे. पिल्लाला खाली ठेवायचं नाही, पण न्यायचं. कडेवर किंवा कापडी पिशवीत घेऊन रोज अर्धा तास. गोखले रोडची गर्दी लांबून, रिक्षाचे हॉर्न, तलावपाळीला संध्याकाळी खेळणारी मुलं, भाजीवाल्याची हाक. घरात कुकरची शिट्टी, मिक्सर, आरतीची घंटा, प्रत्येक आवाजाबरोबर तोंडात खाऊचा एक दाणा. रेनकोट घालून मुलीला घरात फिरायला सांगा. लसी झालेला, शांत स्वभावाचा ओळखीचा मोठा कुत्रा असेल तर त्याच्या घरी भेट घडवा. जिथे रस्त्यावरची कुत्री शी-शू करतात त्या जमिनीवर मात्र सोळा आठवड्यांपर्यंत पाय टेकवू नका. येऊरच्या जंगलाच्या बाजूला अंधार पडल्यावर तर कुठल्याच वयाचा कुत्रा नेऊ नका, तिथे बिबट्याचा वावर आहे.

लसींचं वेळापत्रक थोडक्यात: सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. रेबीज तिसऱ्या महिन्यात. लेप्टोचे दोन डोस आणि मग दरवर्षी, आपल्याकडे तो चुकवायचाच नाही. जंतांचं औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा. कॅल्शियमचं सिरप कोणी सुचवलं तर आधी विचारा. पिल्लाचं तयार खाणं नीट चालू असेल तर वरून कॅल्शियम देऊन मोठ्या जातींची हाडं उलट बिघडतात. महापालिकेच्या परवान्याला रेबीजचा दाखला लागतो, तो जपून ठेवा. आणि सोसायटीत कोणी लिफ्टवरून हटकलं तर भारतीय पशुकल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक सेक्रेटरींना दाखवा. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही. पण पिल्लाने लिफ्टमध्ये शू केली तर आपण पुसायची, लगेच.

बंड्याची गादी जिथे होती ती जागा रिकामीच राहू दे. पिल्लाचं अंथरूण दुसऱ्या भिंतीला घाला. नाव वेगळं, पण ‘बंड्या’शी यमक जुळणारंही नको. तोंडाला जुनी सवय असते, आणि पिल्लाला आपलं नाव कोणतं ते कळत नाही. फिरायचा रस्ताही थोडा बदला, निदान आधी डावीकडे वळायचात तर आता उजवीकडे. जुन्या रस्त्यावर चार लोक थांबवून विचारतील, “तो काळा कुठाय?” आणि पिल्लू तुमच्या हातात असताना तुमचा आवाज बदलेल. जाल त्या रस्त्याने कधीतरी, पण पहिल्या महिन्यात नको.

एक दिवस ते नेमकं बंड्यासारखं काहीतरी करेल. मान तिरकी करेल, किंवा त्याच्यासारखीच जांभई देईल. सगळी कुत्री तशी मान तिरकी करतात. त्या वेळी रडू आलं तर पिल्लाला उचलून घेऊन रडू नका, त्याला खाली ठेवा, आत जा, रडा, तोंड धुऊन या. माणूस घट्ट धरून हुंदके देऊ लागला की पिल्लाला काहीतरी धोका आहे असंच वाटतं.

पहिली रात्र सांगते आणि थांबते. दिवसभर झोपतं ते रात्री रडतं, कारण भावंडांची ऊब पहिल्यांदा सुटलेली असते. अंथरूण हॉलमध्ये नको, तुमच्या पलंगाशेजारी ठेवा. हात खाली सोडला की लागेल इतकं जवळ. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तासांच्या वर शू धरता येत नाही, म्हणून अकरा, दोन आणि पाचचा गजर लावा. उठवून बाल्कनीत घातलेल्या कागदावर ठेवा, केली की हळू आवाजात शाबासकी, आणि परत झोप. दिवा लावायचा नाही, खेळायचं नाही. पिल्लू थोडं मोठं झालं की दोनचा गजर बंद करता येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशी ठेवू नका, खाऊ घालूनच तपासायला न्या. सोबत छोट्या डबीत ताजी शी आणि विकणाऱ्याने किंवा संस्थेने दिलेलं लसीचं कार्ड न्या. आणि दवाखान्यात बाकड्यावर किंवा फरशीवर सोडू नका, तुमच्या मांडीवरच असू दे.